गणित नको म्हणून अर्थशास्त्र?

महोदय,

‘दहावीनंतर काय?’ या विषयावरील आपल्या पुरवणीत, गणिताची धास्ती असलेल्यांनी कला शाखेतून अर्थशास्त्र घ्यावे, असा सल्ला वाचला. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी पालकही हेच विचारतात : ‘‘सर, मुलीचं गणित जरा कच्चं आहे, अर्थशास्त्र झेपेल ना?’’ बी.ए. झेपते हो. पंचाईत पुढे होते.

आपल्याकडे दहावीला सुटलेले गणित कला शाखेत सहसा परत भेटत नाही. मंडळ ते घेऊ देते. पण ते शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या गावी शोधून दाखवावे. अकरावीची विभाजन मूल्ये आणि बारावीचे निर्देशांक एवढीच काय ती आकडेमोड, आणि तीही अनेक मुले ऑप्शनला टाकतात. मग बी.ए.ला आकृत्या पाठ, तक्ते पाठ. याउलट दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचे तर सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, गणिताचा पेपर द्यावाच लागतो. भारतीय सांख्यिकी संस्थेत या विषयाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन पेपर असतात, त्यातला एक निव्वळ गणिताचा. आयआयटीच्या ‘जॅम’ या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत गणित आहे, यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवा परीक्षेतही आहे. वर्गात पहिली येणारी मुलगी या दारांवरून परत येते, तेव्हा तिला हे आधी कुणीच का सांगितले नाही, याचे उत्तर आम्हा मास्तरांकडे नसते.

बरे, लागते तरी किती? आलेख आणि फलन, अवकलन (डिफरन्सिएशन), दोन-तीन चलांचे महत्तम-लघुत्तम, थोडे संकलन (इंटिग्रेशन), मॅट्रिक्स, लॉगरिदम. जोडीला सांख्यिकी मात्र भक्कम हवी : संभाव्यता, नमुना निवड, रिग्रेशन. त्रिकोणमितीची नित्यसमीकरणे किंवा संकलनाच्या इंजिनीअरिंगछाप क्लृप्त्या पदवीपुरत्या विसरल्या तरी चालतात. परदेशी पीएच.डी. करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रिअल ॲनालिसिसपर्यंतची, म्हणजे काटेकोर सिद्धतांच्या गणितापर्यंतची, तयारी पाहतात.

एक उदाहरण देतो. नाटकाचे तिकीट जितके रुपये, त्याच्या दुप्पट प्रेक्षक ६०० मधून घटतात असे धरा. तिकीट १४० रुपये ठेवले तर ३२० प्रेक्षक, गल्ला ४४,८००. तिकीट १६० केले तर प्रेक्षक २८०, गल्ला पुन्हा ४४,८००. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी इथे अडतो : दोन्हीकडे तेवढेच, मग सर्वांत जास्त गल्ला कुठल्या तिकिटाला? अवकलन आलेला विद्यार्थी एका ओळीत १५० रुपये आणि ४५,००० गल्ला काढतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या किमतीला मागणीची लवचिकता बरोबर एक का असते, म्हणजे किंमत जितके टक्के वाढेल तितकेच टक्के मागणी का घटते, हे त्याला उमगते. तोवर ‘लवचिकता एक’ हे परीक्षेत लिहायचे वाक्य असते, बस.

गणिताने अर्थशास्त्राचा जीव गेला, असे म्हणणारे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शलचा दाखला देतात. गणित वापरा, मग साध्या भाषेत मांडा आणि शेवटी गणित जाळून टाका, अशा आशयाचे पत्र त्याने १९०६ मध्ये लिहिले होते खरे. पण हा गृहस्थ १८६५ चा केंब्रिजचा सेकंड रँग्लर! (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येतो तो रँग्लर, हे रँग्लर परांजप्यांच्या महाराष्ट्राला सांगायला नको.) जाळण्याइतके गणित त्याच्यापाशी होते. आमच्या मुलांना जाळायलासुद्धा काही देत नाही आपण. माणसांशिवाय नुसती समीकरणे मलाही कोरडी वाटतात. शेतकऱ्याला दुष्काळात कर्ज का मिळत नाही, हे कुठल्याही समीकरणाआधी गावात जाऊन बघावे लागते. तरीही गावात गोळा केलेली माहिती वाचायला सांख्यिकी लागतेच.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला कौशल्याधारित विषयांचे क्रेडिट्स ठेवले आहेत. त्यातच ‘अर्थशास्त्रासाठी गणित’ हा पेपर पहिल्या दोन सत्रांत घालावा, मराठीतून शिकवावा, आणि तो गणिताच्या नव्हे तर अर्थशास्त्राच्या शिक्षकाने घ्यावा. उदाहरणे कांद्याची आणि एसटीच्या भाड्याची असू द्यात. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी मनावर घेतले तर याला वेगळा निधीही लागणार नाही. आपल्याकडून अपेक्षा एवढीच : पुढच्या पुरवणीत अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षांचा गणिताचा अभ्यासक्रम चौकटीत छापा, दहावीच्या निकालाआधी.

– अर्थशास्त्राचे एक निवृत्त अध्यापक, सांगली