नेपाळला आधार कार्ड चालत नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि भातकापणी आटोपल्यावर रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या गावागावांतून पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ यात्रेला मंडळी निघतात. सहल आयोजक बुकिंग घेताना प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतात, आगाऊ रक्कम घेतात आणि पावती देतात. रेल्वे, लॉज, देशांतर्गत विमान अशा सगळ्या ठिकाणी आधार कार्ड चालत असल्यामुळे नेपाळलाही तेच पुरेल, अशी प्रवाशांची समजूत होते आणि आयोजकही ती दूर करत नाहीत. यंदाच्या मे महिन्यात आमच्या कुटुंबावर जो प्रसंग आला, तो इतर कोणावर येऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीय नागरिकाजवळ वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे फोटो ओळखपत्र असावे लागते. आधार कार्ड चालते ते फक्त पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना. पंधरा ते अठरा वयोगटातील मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. म्हणजे एकाच घरातल्या माणसांना वयाप्रमाणे वेगवेगळे कागद लागतात आणि नेमके हेच कोणी सांगत नाही. आमच्याबरोबर माझे अडुसष्ट वर्षांचे वडील होते, त्यांचे आधार कार्डावर भागले. आई एकसष्ट वर्षांची, तिचे भागणार नव्हते. सोळा वर्षांच्या पुतण्याजवळही आधार कार्डाशिवाय काही नव्हते.

आम्ही आदल्या दिवशी कळंबोलीला बहिणीकडे येऊन थांबलो असताना दुपारी आयोजकांचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला, की मतदान कार्ड किंवा पासपोर्ट ‘ओरिजिनल’ सोबत ठेवावा. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचे होते आणि आईचे मतदान कार्ड राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी होते. पती, पत्नी, अल्पवयीन मुले आणि आईवडील असे कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि त्यातल्या एका प्रौढाजवळ मान्य कागद असेल, तर इतरांना फोटो असलेले दुसरे ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा यांवर जाऊ देण्याची सवलत नियमात आहे. माझा पासपोर्ट सोबत होता, त्यामुळे आई या सवलतीत बसत होती. पण नात्याचा पुरावा म्हणून दाखवायचे रेशनकार्डसुद्धा गावीच होते. पुतण्या मात्र या व्याख्येत बसतच नाही. कोकणात सुट्टीच्या सहलीला भावाची, बहिणीची मुले बरोबर नेण्याची रीत आहे, त्यामुळे ही गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी.

शेजारच्या काकींकडे आमच्या घराची किल्ली असते. आई फोनवर सांगत गेली आणि काकींनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून मतदान कार्ड शोधून काढले. शाळेला सुट्टी लागलेली होती, तरी मुख्याध्यापक सरांनी शिपाईभाऊंना बोलावून कार्यालय उघडायला लावले, आम्ही मोबाइलवर पाठवलेला नमुना पाहून प्रमाणपत्र तयार केले, त्यावर मुलाचा फोटो चिकटवून सही-शिक्का केला. हे सगळे एका पाकिटात घालून संध्याकाळच्या मुंबईला जाणाऱ्या खाजगी बसच्या क्लीनरकडे दिले आणि पहाटे कळंबोलीला महामार्गावर ते आमच्या हाती पडले. या सर्वांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण ज्यांच्या घराला मागे कुलूप असते आणि किल्ली स्वतःच्याच पर्समध्ये असते, त्यांनी काय करावे?

आमच्याच ग्रुपमधल्या, शेजारच्या गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या एका ताईंना विमानतळावरून परतावे लागले. त्यांच्याजवळ मतदान कार्ड होते, परंतु ते लग्नाआधीचे, माहेरच्या नावाचे. तिकीट काढलेले होते आधार कार्डावरच्या सासरच्या नावाने. काजूबियांचे पैसे बाजूला टाकून त्यांनी ही यात्रा ठरवली होती. काउंटरवरून त्या बाजूला झाल्या आणि डोंबिवलीहून भाचा न्यायला येईपर्यंत बॅगेवर हात ठेवून बाकावर बसून राहिल्या. पैसे परत मिळण्याविषयी आयोजकांनी नंतर केवळ ‘बघतो’ एवढेच सांगितले. माझ्या मते ही सरळसरळ फसवणूक नसली, तरी अक्षम्य हलगर्जी आहे, कारण बुकिंगच्या दिवशी मूळ मतदान कार्ड पाहायला मागितले असते, तर नावातला फरक तिथेच दिसला असता आणि निवडणूक कार्यालयाकडे अर्ज क्रमांक 8 भरून दुरुस्ती करून घ्यायला हातात वेळ राहिला असता.

काहीजण म्हणतात, ‘आम्ही उत्तर प्रदेशातल्या सोनौलीच्या सीमेवरून रस्त्याने गेलो, आम्हांला कोणी काही विचारले नाही.’ त्यांचा अनुभव खोटा नाही. 1950च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांची ये-जा मोकळी आहे आणि रस्त्याने सीमा ओलांडताना विमानतळासारखी तपासणी प्रत्येक वेळी होतेच असे नाही. परंतु त्यांचे ऐकून विमानाने निघालेला माणूस फसतो, कारण विमान कंपनी योग्य कागद पाहिल्याशिवाय बोर्डिंग पास देत नाही. भूतानलाही आधार कार्ड चालत नाही; तिथे मतदान कार्ड किंवा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट लागतो आणि मुलांचा जन्मदाखला न्यावा लागतो.

दोन्ही जिल्ह्यांतल्या सहल आयोजकांना आपल्या वृत्तपत्रातून माझी विनंती आहे, की त्यांनी पावतीवरच वयानुसार लागणारे कागद मराठीत छापावेत, आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी मूळ कागद डोळ्यांनी पाहावा आणि तिकिटावरचे नाव त्याच कागदाप्रमाणे घालावे. शिक्षण विभागानेही मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्राचा नमुना माध्यमिक शाळांना पाठवून ठेवावा आणि सुट्टी लागण्यापूर्वी पालकांना त्याची सूचना द्यावी, म्हणजे बंद शाळेचे कार्यालय उघडायला लावण्याची वेळ कोणावर येणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी