सायकल बांधायची कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी नात कॉलेज रोडच्या क्लासवरून सातपूरला आली ती उभ्याने पायडल मारत. सायकल जागेवर होती, कुलूपही शाबूत. सीट तेवढी दांड्यासकट गायब. आपल्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्या कौतुकात आमच्या चिरंजीवांनी घरात आणलेली ही गिअरची सायकल. तिची सीट वरखाली करायला खटका असतो. तो बोटाने उघडतो आणि सीट मुळ्यासारखी उपटून हातात येते. पुढच्या चाकालाही तसाच खटका, म्हणून कुलपाची साखळी नुसत्या पुढच्या चाकाला कधी लावू नये. मागचे चाक आणि फ्रेम दोन्ही त्यात आली पाहिजेत.

मी जन्मभर फिटरकी केली. खटका काढून ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षट्कोनी खाच असलेला बोल्ट, बसवला. ॲलन की काय, हल्ली कोणाच्याही खिशात असते. म्हणून बोल्टच्या पाच नंबरच्या खाचेत पुढच्या चाकाच्या हबमधला दीड सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) छर्रा टाकून वर मेणबत्तीचे मेण ओतले. आता चावी आत शिरतच नाही. मला काढायचा झाला तर दाभण आहे.

चौकीतही जाऊन आलो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र, त्यामुळे न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास नाही. सीट सातशेची! अख्खी सायकल गेली तर फ्रेम नंबर लागतो. तो बहुधा क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, एक्सलखाली कोरलेला असतो. आमचा चिखलाने बुजला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसून फोटो काढून ठेवला. बिल मात्र चिरंजीवांनी कधीच हरवले.

पण खरी अडचण वेगळीच आहे. सायकल बांधायची कशाला? क्लासच्या पार्किंगमध्ये स्कूटरसाठी पट्टे आखलेत, सायकलसाठी साधा खांब नाही. विजेच्या खांबाला बांधली की वॉचमन ओरडतो. आणि स्वतःच्याच चाकाला कुलूप घातलेली सायकल काय, एकटा माणूस उचलून ‘छोटा हत्ती’ टेम्पोत टाकतो.

दीड इंची पाइप उलट्या यू-सारखा वाकवायचा, दोन्ही पाय फूटभर काँक्रीटमध्ये गाडायचे. दोन बाजूंना दोन सायकली. कोणी क्लासवाले जागा दाखवणार असतील तर पहिला पाइप मी वाकवून देतो. मजुरी नको.

एक निवृत्त फिटर,
सातपूर, नाशिक