मत कुणाला, असं विचारलंस म्हणून

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर हे सगळं नीट बोलून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. 'सगळे एकाच माळेचे मणी, यापुढे नोटाच (म्हणजे मतदान यंत्रावरचं 'यांपैकी कुणीही नाही' हे बटण)' हा तुझा वैताग मला पटतो. पाणी, कचरा, रस्ते यांबद्दल विचारावं तर एक पक्ष धर्मावर घसरतो, दुसरा जातीवर, आणि तिसरा म्हणतो, आधी त्यांना विचारा! पण ते बटण दाबल्यावर नक्की काय होतं, ते आधी बघ.

सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2013 रोजी नोटाचा निकाल दिला, तो मुख्यतः मताच्या गुप्ततेसाठी. त्याआधी कुणीच नको असेल तर नियम 49-ओ नुसार केंद्राध्यक्षाकडे तशी नोंद करून सही करावी लागे. म्हणजे समोर बसलेल्या सगळ्या पक्षांच्या पोलिंग एजंटांना कळणारच. आता ते कळत नाही, एवढाच फायदा. विधानसभेला किंवा लोकसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत.

महापालिकेचं मात्र निराळं आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर 2018 च्या आदेशानुसार नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा होते. दुसऱ्यांदाही तोच पहिला आला, तर मात्र त्याच्या खालोखाल मतं असलेला उमेदवार विजयी. त्यामुळे नोटाचं बटण दाबायचंच असेल तर ते महापालिकेला दाब, तिथे निदान काही घडण्याची शक्यता तरी आहे.

आता प्रभागांची गंमत. पुण्यात 2007 ला एका वॉर्डातून एक नगरसेवक होता, 2012 ला दोन, 2017 ला चार. 2022 साठी तिघांचा आराखडा झाला होता, सरकार बदललं आणि तो गुंडाळला गेला. मार्च 2022 ला मुदत संपली, मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये, तोवर प्रशासक. यावेळी 41 प्रभाग, 165 जागा, एक पाच जणांचा सोडला तर सगळे चौघांचे. यात अपक्ष मारला जातो. एवढ्या मोठ्या प्रभागात त्याने घरोघरी पोचायचं कसं? पक्षाला फक्त चिन्ह पोचवायचं असतं. आणि ड्रेनेज तुंबलं की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

पण यातच तुझ्यासारख्याची सोय आहे. अ, ब, क, ड या चार जागांची चार स्वतंत्र मतं असतात, मतपत्रिकांचे रंगही वेगळे. पॅनेल टू पॅनेल चालवा, म्हणजे चारही मतं एकाच पक्षाला द्या, असं स्लिपा वाटणारे कार्यकर्ते सांगतात, तो त्यांचा स्वार्थ झाला. अ ला एका पक्षाची कामाची बाई, ब ला अपक्ष, क ला दुसऱ्या पक्षाचा कुणी, ड ला नोटा, असं खुशाल कर. फक्त चारही जागांवर बटण दाबायचं. एकच दाबून निघालास तर शेवटचा बीप वाजत नाही आणि कर्मचारी परत बोलावतो. व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, इथे नसतं, तेव्हा चिठ्ठीची वाट बघत थांबू नकोस.

मत दिल्यावर ते जागेवर राहतं का, की निवडून आलेला पक्षच बदलतो, ही तुझी खरी तक्रार, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चा. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेली मुभा 2003 च्या दुरुस्तीत गेली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. कोण अपात्र, याचा निकाल विधानसभेच्या अध्यक्षांनी द्यायचा, ते बहुधा सत्ताधाऱ्यांतलेच, आणि राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे याच कायद्यात, मुदत कुठेच लिहिलेली नाही. शिवसेना फुटली जून 2022 ला, अध्यक्षांचा निर्णय आला 10 जानेवारी 2024 ला, आणि दोन्ही बाजूंचं कुणीच अपात्र ठरलं नाही. राज्यात समोरासमोर असलेल्या दोन्ही राष्ट्रवादी पुण्यात महापालिकेला एकत्र लढल्या, तेही त्यांतल्या एकीच्या राज्यातल्या मित्रपक्षाच्या, भाजपच्या विरोधात. यात विचारधारा कुठे शोधायची, तूच सांग.

म्हणून मी पक्षाचा जाहीरनामा बाजूला ठेवून उमेदवाराचं शपथपत्र वाचतो. मालमत्तेत पती-पत्नीचे आणि आश्रितांचे रकाने वेगळे असतात, ते आधीच्या निवडणुकीच्या शपथपत्राशी ताडून बघ. विधानसभा-लोकसभेला गुन्हे प्रलंबित असलेल्याला तिकीट दिलं तर, असाच उमेदवार का निवडला, हे पक्षाने 48 तासांत फॉर्म सी-7 मध्ये जाहीर करायचं असतं. 'निवडून येईल' एवढंच कारण चालत नाही. मग 'लोकप्रिय आहेत, गुन्हे राजकीय हेतूने दाखल' असलं काहीतरी ठोकळेबाज लिहितात. एकाच पक्षाचे चार-पाच सी-7 शेजारी ठेवून वाच, करमणूक होईल.

तुमच्या प्रभागातल्या चौघांची शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून मला पाठव. रविवारी बसून बघू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन