मिनिकॉयला जहाजानेच जा

प्रिय ओम्या,

तुझा लक्षद्वीपचा प्लॅन बघितला व्हॉट्सअपवर, विमानाने अगत्ती आणि चार दिवसात तीन बेटं. एवढ्या धावपळीत दिसणार काय तुला, स्पीडबोटीचा पट्टा? त्यापेक्षा एकच बेट घे, मिनिकॉय, आणि कोचीहून जहाजाने जा.

साधारण ४०० किमी आहे, थेट जहाज असेल तर एक रात्र, मधली बेटं घेत गेलं तर अजून वेळ, पण मजा त्यातच आहे कारण बंक क्लासमध्ये सगळी बेटावरचीच माणसं, कोणी दवाखान्यातून परत चाललेलं, कोणी कॉलेजातून सुट्टीला, कोणाचा फ्रिज खाली बांधून ठेवलेला. आम्ही गेलो तेव्हा बाबा तर रात्रभर डेकवर गप्पा मारत बसले, मला उलट्या होत होत्या ते सोड.

मिनिकॉय आणि बाकी लक्षद्वीप यांच्यामध्ये नाइन डिग्री चॅनेल आहे, जवळजवळ २०० किमी नुसता समुद्र, म्हणून भाषापण वेगळी. बाकी बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली आणि इथे महल, म्हणजे मालदीवचीच भाषा, लिहितात उजवीकडून डावीकडे. १८८५ सालचं दीपगृह आहे, वर चढायला मिळालं तर चढच, पूर्ण लगून, म्हणजे बेटालगतचं उथळ शांत पाणी, दिसतं.

पण खरं बघायचं ते ट्यूनाची मासेमारी. जाळं नाहीच, आधी बारीक जिवंत मासे पकडून बोटीतल्या पाण्यात ठेवतात, मग ट्यूनाचा थवा दिसला की ते फेकायचे, वरून पाणी उडवायचं, आणि माणसं ओळीने उभी राहून गळाच्या काठीने एकेक मासा सटासट मागे उडवतात, गळाला उलटा काटा नसतो ना, मासा बोटीत पडला की आपोआप सुटतो. मग तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवला की झाला मास, इतका कडक की आपला सुका बांगडा त्यापुढे पापड. त्या धुराचा वास आला की समज कुठेतरी मास करतायत, जा आणि बस तिथे तासभर, कोणी हाकलत नाही.

२०२४ला कोचीहून समुद्राखालून इंटरनेटची केबल आलीय, त्यामुळे रेंज नव्हती हे कारण मला सांगू नकोस. परमिटचा अर्ज आधी कर, त्याशिवाय जहाजात घेत नाहीत. पावसाळ्यात नको, समुद्र खवळलेला असतो आणि जहाजंही कमी. दारू मिळत नाही, ते मित्रांना आत्ताच सांग. उलटीच्या गोळ्या मी देते, आणि येताना बाबांसाठी मास आण पावशेर तरी.

आई