पन्नास मिनिटांचं विमान आणि आईच्या दशम्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परभणीहून लिहितोय. आमच्याकडं विमानतळ नाही, त्यामुळं विमानाने जायचं म्हणजे आधी झिरो फाटा, वसमत करत नांदेड गाठायचं, दीड तास. मध्यंतरी आईचे डोळे दाखवायला हैदराबादला जायचं होतं. आमच्या भागातली माणसं दवाखान्यासाठी पुण्यामुंबईच्या आधी हैदराबाद धरतात, निजामाच्या काळापासूनची सवय आहे ती. एरवी रात्री अजिंठा एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी हैदराबाद, पण आईचं वय 74, गुडघे गेलेले, मधला नाहीतर वरचा बर्थ आला तर चढवायचं कसं, म्हणून म्हणलं एकदा विमानाने नेऊ.

मी स्वतः आधी दोनदा पंख्याच्या छोट्या विमानाने गेलोय आणि खरं सांगतो, मला ते लई आवडतं. मागच्या दारातून चढायचं, दाराचाच जिना होतो, चार पायऱ्या की आत. सत्तरेक सीटा, पंख्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर वरडावं लागतं, पण विमान फार उंच जात नाही त्यामुळं खालचं सगळं दिसतं. मध्येच मांजरा नदीवरच्या निजामसागर धरणाचं पाणी दिसलं होतं. ही तीच मांजरा, जिचं आपल्याकडचं धरण आटल्यामुळं 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. वरून बघताना कसंतरीच वाटतं.

तर त्या दिवशी. दुपारची फ्लाइट, काउंटर तासभर आधी बंद होतं म्हणून आम्ही सकाळी नऊलाच गाडी करून निघालो. वसमत मागं टाकलं आणि मोबाइलवर मेसेज, विमान दीड तास लेट. पोहोचलो, बसलो, मग परत दीड तास. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणे, सर, विमान आधीच्या स्टेशनवरूनच निघालं नाही. हे मात्र खरं असतं, एकच विमान दिवसभरात पाच-सहा गावं करतं, सकाळी पहिल्या गावात धुकं पडलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं टाइमटेबल घसरत जातं. त्या पोराचा काय दोष, बिचारा सगळ्यांच्या शिव्या खाऊ लागला होता.

एक गंमत कळली. नियम असा आहे की दोन तासांच्या वर उशीर झाला तरच प्रवाशाला चहा-नाश्ता द्यायचा. आता जी फ्लाइटच पन्नास मिनिटांची तिला दोन तासांचा उशीर! तोवर आईने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, शेजारच्या दोन पोरींना दिली, एका सरदारजींना पण दिली, ते गुरुद्वाऱ्यात दर्शन करून परत निघाले होते. कंपनीचा नाश्ता आला तेव्हा कुणालाच भूक नव्हती.

चारला सांगितलं, कॅन्सल. कारण काय तर ‘ऑपरेशनल’. आईची दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची वेळ घेतलेली. ड्रायव्हर अजून नांदेडातच जेवत होता म्हणून बरं झालं, त्यालाच बोलावलं आणि देगलूर, संगारेड्डी करत रात्री अकराला हैदराबाद. पावणेतीनशे किलोमीटर आई गाडीत पाय लांब करू शकली नाही, पण ‘विमान नको म्हणलं होतं ना’ असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

तिकिटाचे पैसे आले परत. गाडीच्या साडेनऊ हजारांचं काय? नंतर चौकशी केली तर वेळेवर न कळवता रद्द केलं तर तासाभराच्या फ्लाइटला पाच हजारांपर्यंत भरपाई मिळू शकते, पण कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असलं तर नाही. आता ‘ऑपरेशनल’ हे हातातलं की हाताबाहेरचं, हे कुणी सांगावं? कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही.

छोट्या शहरांना स्वस्तात विमान मिळावं म्हणून सरकारनं काढलेल्या उडान योजनेतली अगदी पहिली विमानं 27 एप्रिल 2017 ला उडाली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये म्हणून आम्ही किती खूश झालो होतो. पण त्यासाठी विमान कंपनीला सरकारची मदत तीनच वर्षांची, पुढं काय? मध्यंतरी नांदेडहून विमानंच बंद होती, 2024 ला परत चालू झाली. तिकीट पाचशेने महाग केलं तरी चालेल हो, पण जाणार का नाही ते आदल्या रात्री सांगा, आणि भरपाईचा नियम काउंटरवर मराठीत मोठ्या अक्षरात लावा. परभणी, हिंगोलीच्या माणसाला मेसेज येतो तेव्हा तो अर्ध्या रस्त्यात असतो.

आईला डॉक्टरांनी परत बोलावलंय. विमानाचं तिकीट काढलंय, तिचीच इच्छा, अजून बसायचं राहिलंय म्हणते. सोबत अजिंठाचं पण काढून ठेवलंय, वेटिंग 11 आणि 12.

आपला,
एक वाचक, परभणी