डोंगर उलट्या बाजूने चढायचा

वाळपई, सत्तरी

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "त्यात काय, दोन तासांचा तर डोंगर." दोन तासांचाच आहे, पण तुम्ही तो पाहिलात ऐन पावसात, तोही गॅलरीतून. आता तो निराळा आहे. म्हणून लिहूनच पाठवते; फोनवर बाबा अर्धं ऐकतात आणि उरलेलं आई मध्येच बोलून घालवते.

आधी चांगलं. जळवा संपल्या. ओहोळाला घोट्याएवढंच पाणी आहे, दगडांवरून पाय न भिजवता पलीकडे जाता येतं. फक्त सावलीतल्या दगडांवर अजून शेवाळ आहे, ते टाळायचे. काजूला मोहोर येऊ लागलाय. आई, नुसत्या त्या वासासाठी तू चल.

खरी अडचण उतरणीची. इकडचा सगळा डोंगर जांभ्याचा. पाऊस सरला की वरचा थर सुटतो आणि त्याचे बारीक गोल खडे वाटेवर पसरतात. त्यावर आता काजूची आणि किंदळाची वाळकी पानं पडली आहेत. दिसायला वाट मऊ, पण पाऊल ठेवलं की वाटाणे सांडलेल्या फरशीवरून चालल्यागत होतं. चढताना फारसं जाणवत नाही, अंगाचा भार पुढे असतो. उतरताना नेमकी टाच निसटते, आणि बाबांचा उजवा गुडघा तिथेच रुसणार. इथे सगळे मागच्या रुंद गाडीवाटेने आरामात चढतात आणि देवळाच्या बाजूच्या तीव्र उताराने खाली येतात. आपण उलटं करायचं. देवळाकडून चढू. दम लागेल, लागू दे, थांबत थांबत जाऊ. उतरायला गाडीवाट. बाबा, यावर वाद नको.

निघायचं नऊच्या सुमाराला. आठपर्यंत धुकं असतं, दवाने पानं ओली असतात आणि ओलं पान कोरड्यापेक्षा वाईट. अकराच्या पुढे वरच्या सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळी पठारावर, ऊन चटके देतं, तिथे सावलीला झाड नाही. आईची शुगर लक्षात घेऊन दहाला सड्याच्या अलीकडे डबा उघडायचा. संध्याकाळी जायचं नावच काढू नका. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, पण झाडीत त्याआधीच अंधारतं आणि गवे पाण्यावर येतात. गवा गोव्याचा राज्यप्राणी असला तरी वाट काही सोडत नाही, आपणच बाजूला व्हायचं.

आणखी एक, घाबरू नका पण मनावर घ्या. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचे दिवस हेच, डिसेंबर ते मे. म्हणून पूर्ण पँट, तिच्या पायांची टोकं मोज्यांत खोचलेली. आईने साडी नको, पंजाबी ड्रेस आण. पाचोळ्यावर बसायचं नाही, दगडावर बसायचं. परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, अंघोळ, आणि काखा, मानेमागे नीट पाहायचं. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर तिथूनच मागे फिरायचं आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. बाबांना सवय आहे प्रत्येक गोष्ट काठीने ढोसून पाहायची, म्हणून हे खास त्यांच्यासाठी.

काठी मात्र आणाच, ती घरची वेताची. बाबांचे ते गुळगुळीत तळव्याचे बूट तिकडेच राहू देत. तुम्ही गुरुवारी पोहोचलात तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात खाचांचे बूट घेऊ, आईला तिथली केळीही घ्यायची असतील. बेळगावहून चोर्ला घाटाची बस धरा. घाटात वळणं फार आहेत, तेव्हा आई, पुढची सीट मागून घे आणि निघताना पोटभर खाऊ नकोस. साखळीला उतरा, मी गाडी घेऊन येते.

तुमची,
सुमी

ता. क. मेतकूट संपलंय.