हात नवा गोंदवलाय, आता तो जप

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. आधी विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणून तो वाद राहू दे. आता हातावर आहे ती जखम आहे, आणि आयुष्यभर ड्रेसिंग करत आल्यामुळे जखमेचं मला कळतं.

पहिले दोन-तीन दिवस लाली राहील, हात ठणकेल, लस पाझरेल. उशीच्या अभ्र्याला शाईचे डाग पडले तर घाबरू नकोस. आधी स्वतःचे हात धू, मग कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण घेऊन बोटांनी हलकेच धू. टॉवेलने पुसायचं नाही, टिश्यूने टिपायचं. मलम अगदी पातळ लाव. थापलंस की कातडी ओली राहून फुगते आणि खपली लोंबते.

नंतर खाज सुटेल, खरी परीक्षा तीच. शाईच्याच रंगाचे काळे पापुद्रे निघतील आणि नक्षीच चाललीय असं वाटेल. जात नाही, शाई खालच्या थरात आहे. पण पापुद्रा ओढलास तर तेवढ्यापुरती शाई येते आणि तिथे फिका ठिपका राहतो. फारच झालं तर वरून थोपट. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरेल, आतली भरायला आणखी महिना-दोन महिने लागतात.

आजी म्हणतात, हळद-तेल लाव. त्यांना गोंदणाऱ्या बाईने तेच लावलं होतं. त्यांचं गोंदण टिकलंय खरं, पण हळदीने नव्हे. शाईचे कण कातडीतल्या पेशी गिळून बसतात. एक पेशी मेली की तिचे कण दुसरी उचलते. डब्यातली हळद उघड्या जखमेवर नको. आजींना मी बघते.

लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरली, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ दंडाकडे चढली, तर स्टुडिओवाल्याला विचारत बसू नकोस, डॉक्टर गाठ. सुई नवी होती ना, पाकीट तुझ्यासमोर फोडलं ना, ते कळव. कावीळ बी वापरलेल्या सुईतूनही येते. आणि रक्तदान आता १२ महिने बंद. कॉलेजात शिबिर लागलं तर फॉर्मवर खरं लिही.

अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येशील तेव्हा इथे पारा ४२ च्या पुढे असेल. कातडी पूर्ण भरल्याशिवाय सनस्क्रीन लावायचं नाही, तोवर सैल सुती बाह्या घाल. एसटीत सावलीची बाजू धर. झोका खुशाल खेळ, पण चऱ्हाट हाताला घासू देऊ नकोस. खापरावरच्या पुरणपोळ्या मी करते, तुला चुलीपुढे बसायचं नाही. केळीच्या मळ्यात पोरं टाकीत उतरायला ओढतील. या वेळी काठावरच बस.

तुझी,
आई